बिनडिंकाचा चुना

माझी सोयरीक जमायची होती तेव्हाचं सांगतो, पण मधेच हसू नका. अकोल्याहून पोरीचे आई-वडील आमचं घर पाहायला येणार होते, म्हणून मी स्वतःच पुढच्या खोलीला चुना मारला. कळीचा चुना भिजवला, गाळला, नीळ घातली. वाळल्यावर भिंत छान पांढरी दिसत होती.

पाहुणे आले तेव्हा मी भिंतीला सहज हात लावला, तर बोटं पांढरी झाली. घाईत चुन्यात डिंक घालायचाच राहिला होता, आणि डिंकाशिवाय चुना भिंतीला धरत नाही. तेवढ्यात पोरीचे वडील काळं जाकीट घालून त्याच भिंतीला टेकून बसले.

"किती शिकला गा?" त्यांनी मला विचारलं.

माझी नजर त्यांच्या पाठीवर होती. "आठवी," बाबांनी सांगितलं.

"काम काय करते?"

"सेंट्रिंगच्या कामावर जाते," पुन्हा बाबाच बोलले.

"त्याले बोलू द्या न, भाऊ."

मी उठलो, बसलो, परत उठलो. 'खुर्चीवर बसा' एवढंसुद्धा तोंडातून निघेना.

शेवटी ते जेवायला उठले आणि पोरीची आई म्हणाली, "अवो, पाठ पाहा तुमची."

काळ्या जाकिटाची पाठ पांढरी झाली होती.

"चुन्यात डिंक टाकाचा राहिला, काकाजी," मी म्हणालो. "मले मघाच समजलं होतं, पण सांगतलं तर तुमी उठून जासान असं वाटलं."

त्यांनी जाकीट काढून झटकलं आणि बायकोकडे पाहिलं.

"बोलते वं पोरगा. मले तेवढीच शंका होती."