घरमालकांशी वाद

घरमालकांशी वाद घालायचा नाही, हे मी चेन्नईला निघतानाच आईनं बजावलं होतं. पण वेलचेरीतले माझे घरमालक, मामा, वेगळेच निघाले. मूळचे तंजावरचे, मराठी जुन्या वळणाची आणि हेल पक्का तमिळ. दर रविवारी दुपारी फिल्टर कॉफी करून मला खाली बोलावतात आणि ती भुताखेतांचा, परग्रहावरच्या माणसांचा छडा लावणारी जुनी इंग्रजी मालिका लावतात. भाग संपला की मामा म्हणणार, "हे सगळं खरं असतं!" आणि मी म्हणणार, "छे हो मामा, थापा आहेत."

गेल्या महिन्यात त्यांना जरा बरं नव्हतं. म्हटलं, आज कशाला दुखवा? भाग संपल्यावर मी म्हणालो, "तुमचंच बरोबर असेल मामा. असतं काहीतरी."

मामांनी कॉफीचा पेला आदळला. "अय्यो! तू असं म्हणायचं नाही!"

मला वाटलं, गेली आपली खोली.

"का हो?"

त्यांनी भिंतीवरच्या मामींच्या फोटोकडे पाहिलं. "तिला हे सगळं खरं वाटायचं. इतकी वर्षं मीच 'थापा' म्हणत आलो. आता तिच्या बाजूनं भांडायला मी आहे. पण माझ्या बाजूनं कोण भांडणार? तू बसतोस ती खुर्ची माझी आहे."

तेव्हापासून मी दर रविवारी त्या खुर्चीत बसून जीव तोडून वाद घालतो. अजून तरी प्रत्येक वेळी मामीच जिंकल्यात.