टेकाडावर काय बोलणं झालं

आईची शपथ घेऊन सांगतो एलिहियो काका, यातला शब्दन् शब्द खरा आहे—अहो, ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, या पेटीवर बसा—शब्दन् शब्द खरा, हा एवढा इग्वाना माझ्या डाव्या पायाशी सरड्यासारखी मान हलवत बसला होता आणि मी तीन इनिंग बॉल टाकले. मेक्सिकोत. मघाशी दोन म्हणालो? मग दोन. हातभर होता की वीतभर, कोण मोजायला गेलंय! पण बसला होता एवढं खरं. म्हणजे—मैदानात होता. अगदी पायाशी नसेल कदाचित. हसा की जरा. सगळं सान पेद्रो हसतं या गोष्टीला.

नाही हसणार. बरं. हसायला तुम्ही माझ्या, या मोंचोच्या दारात कशाला याल, अकरा वर्षांत आला नाहीत. रविवारी विल्किनचं लग्न, आणि तुम्हाला ठरवायचंय, पोराच्या लग्नाला जायचं की नाही—काकूंनी पाठवलं ना? 'जा, एकदा त्या मोंचोच्या तोंडूनच ऐकून ये.' मर्सेदेस काकूंनीच. घ्या, कॉफी घ्या. साखर तुमच्याच कारखान्याची आहे, तिच्यावर कशाला राग?

आणि मोंचोचं तोंड म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघात नऊ दिवस, त्यातले सात बाकड्यावर! बाकी सगळं आयुष्य बॅगेत. निकाराग्वा, तैवान, व्हेनेझुएला—इटलीत तर आठवडाभर चीजच्या गोदामात ती गाडीच्या चाकाएवढी चीजं उलटीपालटी करायची आणि शनिवारी बॉल टाकायचे, ते झेलणारा कॅचर म्हणायचा, तुझा बॉल दिसायच्या आधी वासानं कळतो. तैवानच्या कॅचरची भाषा मला येईना, माझी त्याला, आठ महिने आम्ही एकमेकांना नुसती बोटं दाखवली, आणि मी निघालो तर हा ढसाढसा रडला. हे खरं आहे हो. सतरा वर्षं, सहा देश, आणि घरी आणलं काय—गोष्टी. हात संपला तेव्हा आपल्या संघानं मला पिचर लोकांचा, बॉल टाकणाऱ्यांचा कोच केलं, तेही तोंडाकडे बघूनच. मोंचो असला की बाकडं हसतं राहतं, म्हणाले.

हां, मूळ गोष्ट. तुम्हाला पाठ आहे, गावाला पाठ आहे. अकरा वर्षांपूर्वीची फायनल, दुपारचं ऊन, आठवी इनिंग, तिसऱ्या रांगेत खेळाडू निवडायला जपानहून आलेला माणूस विल्किनसाठी वही उघडून बसलेला. बॉल टाकता टाकता विल्किनचं कोपर खाली यायला लागलं, बॉल उंच जायला लागले. मी पिचरच्या टेकाडावर, त्या मातीच्या उंचवट्यावर गेलो. हात पुढे केला—कोचनं हात पुढे केला की पिचरनं मुकाट बॉल द्यायचा, तुम्हाला काय सांगायचं—तर त्यानं बॉल छातीशी दाबून धरला आणि म्हणाला, 'हा सामना माझा आहे, मोंचो. तू खाली उतर.' आणि पुढच्याच बॉलला, वाळकी फांदी मोडावी तसा कोपराचा आवाज. इथं मी बोटं मोडतो. लोक डोळे मिटतात. फार छान सांगतो मी—इतकं छान की तुम्ही पोराला म्हणालात, 'गर्वानं हात खाल्ला तुझा', आणि बोलणंच टाकलंत.

त्यावर विल्किन काय म्हणाला तुम्हाला? काहीच नाही ना? मलाही नाही म्हणाला. मोटारसायकलवर भाडी मारतो, ते कोपर सरळ होत नाही म्हणून हँडल तिरकं धरतो, आणि माझ्या दारावरनं जाताना हॉर्न वाजवून, 'उस्ताद, बाजारात सोडू का?' उस्ताद! जन्मात कधी मला मोंचो म्हटलं नाही त्यानं. तुम्ही बाप ना—तेवढं एक तरी खटकायला हवं होतं हो तुम्हाला.

ऐका, एक विचारतो. मागे कोण गरम होत होतं? पिचर काढायचा तर दुसऱ्यानं मागे वीस-पंचवीस बॉल टाकून हात गरम केलेला लागतो, आणि त्याला उठवायचं काम कोचचं. अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला, अख्ख्या सान पेद्रोत, जिथं पाळण्यातलं पोरही बेसबॉल खेळतं! कुणीच नव्हतं. सातव्या इनिंगला मॅनेजर म्हणाला, 'मोंचो, मागे कुणाला तरी उठव,' मी म्हटलं हो, आणि मी—मी इग्वानाची गोष्ट सांगत होतो. रंगली होती. बाकडं पोट धरधरून हसत होतं. म्हटलं, शेपटीपर्यंत येऊ दे, मग उठवतो. शेपटीपर्यंत आलो आणि बघतो तर आठवी चालू.

कप ठेवू नका. थांबा. हात मी नाही पुढे केला, त्यानं केला. मी पोचतोय न पोचतोय तोच त्यानं बॉल माझ्या तळहातावर ठेवला, घामानं ओला बॉल, आणि म्हणाला, 'उस्ताद, कोपर दुखतंय.' आपण दोमिनिकन माणसं, कोण म्हणतं असं? खांदा निखळून हातात आला तरी 'ठीक आहे'. सतरा वर्षं मी तेच म्हटलं. तो म्हणाला, दुखतंय. मी मागे बघितलं—रिकामं. मग मी तो बॉल परत त्याच्या ग्लोव्हमध्ये ठेवला आणि वरनं माझ्या हातानं ग्लोव्ह मिटला. म्हटलं, 'दोनच बॉल टाक बाळा, तोवर उठवतो कुणाला तरी.'

दुसरा नाही टाकता आला त्याला.

इग्वाना होता, काका. चीज होतं, तैवानचा तो रडणाराही होता. 'हा सामना माझा आहे'—तेवढं मी बनवलं. लग्नाला मलाही बोलावलंय त्यानं. मी नाही येणार. तुम्ही जा—काय बघताय माझ्याकडे? कप राहू दे, मी धुतो. जा.