आयला तेवढं इचारायचं ऱ्हायलं

आमी मूळचे शिवऱ्याचे. बाप म्या रांगत होतो तवाच गेला, आयनंच वाढवलं. आय सुईण होती, शिवरे, कामथडी, पार नसरापूरपतोर कुणी बाई अडली की हिला बोलावणं. काय सांगू तुमाला, तिची एक रीत होती, घरात शिरली की कोंबड्या हाकलावं तसा हात झाडायची आन समद्यांना भाईर काढायची, सासूला बी. म्हणायची, तुमी कशाला सांगताय, कळा तिला येत्यात का तुमाला? मग त्या पोरीच्या कानाशी वाकून, बाय, तुझं तू सांग.

हे आधी सांगितलं, कारण म्होरलं सांगायला जीभ उचलत न्हाई.

हमरस्त्याला माझी ही पंक्चरची टपरी, तुमी आत्ता बसलाय तीच. दुष्काळाच्या सालात आयच्या घशात गाठ आली. पुण्याच्या डॉक्टरनं कॅन्सर सांगितला, लई पसरलाय म्हणला. आमी आयला सांगितलं, सूज हाय, उतरंल. ती व्हय म्हणली. जिनं गावोगावच्या बायांची पोटं चाचपली तिला आपल्याच गळ्यातली गाठ कळंना व्हय? पर आमाला तसंच बरं वाटलं.

एक दिस सकाळी तिला श्वास घेता येईना. ओळखीच्या ट्रकात घालून म्या आन चुलत्यानं तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तातडीच्या खोलीत एक तरणा डॉक्टर होता. म्हणला, गळ्याला भोक पाडून नळी घातली तर श्वास चालंल, पर आवाज जाईल, आन रोग काय हटायचा न्हाई, थोडे दिवसच. न्हाईतर घुसमट कमी व्हायचं औषध देतो, तुमी जवळ बसा, शांत जातील. आजी शुद्धीवर हाईत, त्यांनाच इचारू.

चुलता कानाला लागला, बाळू, भावकी म्हणंल, पोरानं आयला तशीच मरू दिली. म्या डॉक्टरला म्हणलं, सायेब, अडाणी बाई हाय, तिला काय इचारताय, करायचं ते समदं करा. आय ऐकत होती. तिनं माझी बाही धरली, बाळू म्हणली, आन फुडं दम पुरंना. म्या म्हणलं, गप पड, सूज हाय, उतरंल. बाही सोडवली आन कागदावर अंगठा उठवला. माझा, तिचा न्हाई.

बाळू, हेच तिचं शेवटचं बोलणं.

नळीवर ती एकोणीस दिस जगली. ओठ हलायचे, नळीतनं नुसती शिट्टी. लिहायला तिला येत नव्हतं, वाचायला मला. पहिले दोन-तीन दिस दाराकडं बोट करायची. म्या म्हणायचो, पाणी? चुलत्याला बोलवू? न्हाई, न्हाई, मान हलवायची. घरी, एवढं माझ्या तोंडातनं निघालं न्हाई, कारण ते मला कळत होतं. मग तिनं बोट करायचं सोडलं. म्या खाटंजवळ गेलो की हात झाडायची, कोंबड्या हाकलावं तसा. नर्सबाई म्हणली, आजी भ्रमात हाईत. म्या बी व्हय म्हणलं. भ्रम कसला वो, मला भाईर काढत होती.

पाच वर्सं झाली. बायकूला बी सांगितलं न्हाई. चुलता अजून पंगतीत सांगतो, लेक असावा तर बाळूसारखा, आयसाठी काय करायचं ठिवलं न्हाई. म्या खाली मान घालून जेवतो, तर लोकं म्हणत्यात, किती गरीब सोभावाचा.

तुमच्या आयला उदंड आयुष्य मिळू दे. चाक निघंपतोर तुमी माझ्या आयचं इचारलंत म्हणून आज निघालं. मला निदान कुणी इचारलं तरी.