मेहुण्याच्या टाचा

नाही, पण मी म्हणतो, बूट माझ्याकडेच कशाला आणायचे? बूट दुरुस्तीची दुकानं काय कमी आहेत? कोपऱ्यावर एक आहे, बस थांब्याच्या मागे एक आहे, तो तर टाच लावून होईपर्यंत गिऱ्हाइकाला वर्तमानपत्र वाचायला देतो म्हणे! पण नाही. आमचे मेहुणे काठी टेकत टेकत, ‘आई गं... अगं आई गं...’ करत ती दोन्ही दुकानं ओलांडून माझ्याच दुकानात येणार, बाकावर बसणार, दोन मिनिटं कण्हणार, आणि मग पायातले बूट काढून माझ्या पुढ्यात ठेवणार. ‘भावोजी, टाचा तेवढ्या बदलून द्या हो.’ अरे बाबा, तू सरकारला फसव, डॉक्टरला फसव, तुझ्या बहिणीला फसव, ती तर तुझ्या बाबतीत कायमच तयार असते... पण बूट दुरुस्त करणाऱ्यापुढे बूट काढून ठेवतोस? काही अक्कल?

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं झाली मला या धंद्यात. गिऱ्हाईक दारात उभं असतं, मी मान वर करत नाही. बूट घेतला, उलटा केला, झालं! समोरच्या बँकेतले साहेब, ‘आम्ही रोज पहाटे तासभर चालतो हो!’ असं छाती काढून सांगतात, आणि चालायच्या बुटाच्या तळव्यावर किमतीची चिठ्ठी अजून शाबूत! शाळेतल्या एक बाई आहेत, बोलायला इतक्या गोड, इतक्या गोड की काय सांगू, पण उजव्या चपलेचं टोक दर दोन महिन्यांनी झिजलेलं. का? तर दिवसभर पोरांसमोर पाय आपटत असतात. मी कुणाला बोलतो का? नाही. बूट द्यायचा, गप्प बसायचं.

तर हा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. गोदामात कामाला होता, पाच वर्षांपूर्वी एक खोकं डाव्या पायावर पडलं. तेव्हा पाय खरोखर मोडला होता, त्याबद्दल मी एक अक्षर वाकडं बोलणार नाही, मीच त्याला पाठुंगळी मारून दवाखान्याचा जिना चढलोय. गोदामवाल्यांनी कामावरून काढलं, सरकारनं मदत लावली. पाय अधू, काम होणार नाही, सबब दर महिन्याला मदत. चांगलं झालं. हक्कच होता त्याचा. पण हाडाला काय कळतं हो, की आपल्यावर मदत चालू आहे? ते आपलं वर्षभरात जुळून मोकळं झालं!

आणि तेव्हापासून हे बूट. डावी टाच बघा, उजवी टाच बघा, दोन्ही अगदी सारख्या झिजलेल्या. अहो, जो माणूस डावा पाय ओढत चालतो, त्याच्या डाव्या बुटाचं पुढचं टोक घासायला नको? कोरं! आणि काठी? काठीच्या बुडाला रबर असतं ना, तीन वर्षं वापरतोय म्हणतो, त्या रबरावरच्या रेघासुद्धा पुसलेल्या नाहीत! मी म्हटलं, ‘काठी छान ठेवलीयस.’ तर म्हणतो, ‘जपून वापरतो, भावोजी.’ आता सांगा, मी काय करायचं? परका असता तर एक वेळ... पण सख्खा मेहुणा हो!

घरी गेलो, हिला म्हटलं, ‘अगं, तुझ्या भावाचा पाय बरा झालाय.’ हिनं लगेच वर बघून हात जोडले. ‘देव पावला!’ म्हटलं, ‘देव तीन वर्षांपूर्वीच पावलाय, तुझ्या भावानं कुणाला सांगितलं नाही एवढंच.’ झालं! ‘तुम्ही काय डॉक्टर आहात?’ ‘डॉक्टर नाही, पण टाच...’ ‘टाच, टाच, टाच! आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हासुद्धा माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत, चपलांकडे बघत बसला होतात!’ आता हे खरं आहे. पण त्याचा इथे काय संबंध? मग डोळ्यांना पदर लावून, ‘त्याला नोकरी नाही, त्याची पोरगी शिकतेय, आणि तुम्हाला त्याच्या टाचा दिसतात...’ मी जेवणावरून न बोलता उठलो. म्हणजे, जेवण झाल्यावर उठलो. पण न बोलता.

मी सोडूनही दिलं असतं, शपथेवर सांगतो. पण त्या इस्त्रीवाल्या बाई आल्या ना! आमच्या शेजारच्या गाळ्यात दिवसभर उभ्यानं इस्त्री करतात. जन्मापासून त्यांचा एक पाय दोन बोटं आखूड आहे, त्यांच्या चपलेखाली बुचाचे थर मीच चढवून देतो. दोन वर्षं झाली त्यांनी याच मदतीसाठी अर्ज करून. उत्तर काय? ‘यादी भरली आहे, जागा झाली की कळवू.’ तर त्या आल्या, आणि बाकावर हा! ‘आई गं’ चालू! माझ्या दुकानात बाक एकच. मी डोळ्यांनी खुणावतोय, अरे ऊठ, ऊठ मेल्या, जागा दे... तो अर्धवट उठायला लागला, तर बाईच म्हणतात, ‘बसा हो, बसा तुम्ही, तुम्हाला किती त्रास होतोय!’ आणि हा बसला! बाई आखूड पायावर उभ्या, आणि दोन धडधाकट पायांचा आमचा मेहुणा बसलेला! मला लाज वाटली हो. त्याची नाही, माझीच. मला सगळं माहीत होतं आणि मी खिळे ठोकत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं आणि थेट त्या मदतीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी तक्रारीचा कागद दिला. माझं नाव, माझा पत्ता, आणि ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नाते’. लिहिलं, मेहुणा. साहेब खूश! ‘वा! आमच्याकडे निम्म्या तक्रारी मेहुण्यांच्याच असतात. पुरावा काय आणलाय?’ मी पिशवीतून मेहुण्याचे दुरुस्तीला आलेले बूट काढले आणि ठेवले टेबलावर. ‘अहो अहो अहो! फायलीवरून उचला ते! हे काय आहे?’ म्हटलं, ‘टाचा बघा साहेब, सारख्या आहेत.’ ते म्हणतात, ‘माझ्यापण सारख्या आहेत, मग? पळतानाचा फोटो नाही? नाचतानाचा? निदान शिडीवर चढलाय असा?’ म्हटलं, नाही. ‘ठीक आहे, सही करा, आम्ही चौकशी लावतो.’ सही! पेन हातात घेतलं आणि... काय सांगू तुम्हाला, मला तो दवाखान्याचा जिना आठवला. पाठीवर हा, आणि कानाशी रडतोय, ‘भावोजी, माझी नोकरी जाणार हो...’ पेन काही चालेना. म्हटलं, उद्या आणून देतो. कागदाची घडी केली, दुकानात आलो, खिळ्यांच्या खणात खाली सरकवून दिला. तीन महिने झाले तरी तिथेच. रोज खिळे काढताना हाताला लागायचा, रोज मी स्वतःलाच विचारायचो, काय करायचं? सख्खा मेहुणा हो!

शेवटी एक दिवस तो आला, बसला, कण्हायला लागला, आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही बूट उलटे करून त्याच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, ‘बघ. नीट बघ.’ त्यानं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. काठी भिंतीला लावून ठेवली. ‘आई गं’ बंद! म्हणतो, ‘भावोजी, मी गेलो होतो सांगायला. हाड जुळलं त्याच महिन्यात गेलो होतो. रांगेत उभा राहिलो, नंबर आला, साहेब म्हणाले बोला, आणि माझ्या तोंडून निघालं, पत्ता बदलायचाय.’ ‘मग?’ ‘मग काय... बदलला पत्ता. अजून माझी पत्रं भलत्याच घरी जातात.’ मला हसू यायला लागलं, पण बघतो तर हा रडतोय! ‘सात गोदामं फिरलो, मोडलेला पाय कुणाला नको. पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं होऊ दे, मी स्वतः जाऊन सांगतो. माणूस दिसलं की लंगडायचं, गल्ली मोकळी झाली की सरळ चालायचं, कोण बघतंय कोण नाही... थकलो हो मी.’ अहो, इतकं रडला, इतकं रडला, की मीही रडलो. दुकानात दोन बाप्ये रडतायत, आणि दारात बँकेतले साहेब, ‘नंतर येऊ का?’

इथं तुम्हाला वाटेल, संपलं. कुठलं संपतंय! सहा महिन्यांनी पुन्हा बूट आले. मी उलटा केला आणि बघतच राहिलो. उजवी टाच बाहेरच्या बाजूनं पार खलास! उजवी! अरे, मोडला होता डावा, सोंग डाव्याचं... उजव्याला काय झालं? तो गेला तसा मी दाराच्या फटीतून बघत राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काठी काखेत, म्हणजे सोंग बंद, आणि तरी पठ्ठ्या लंगडतोय! दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, चार वर्षं मधूनमधून वेडंवाकडं लंगडत उजव्यावर भार टाकलात, उजवा खुबा कामातून गेला. सोंग करता करता माणूस खरंच लंगडा झाला हो! ही घरी म्हणते, ‘बघा! मी म्हणत नव्हते, त्याचा पाय दुखतो म्हणून?’

आणि नेमकी त्याच महिन्यात सरकारी तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी डावा पाय बघितला. ठणठणीत! मदत बंद. हा म्हणतो, ‘उजवा बघा की!’ ते म्हणाले, ‘उजवा तुमच्या फायलीत नाही.’ मग मीच उठलो, तेच बूट पिशवीत घातले आणि गेलो त्या खिडकीवर. म्हटलं, ‘साहेब, हा माणूस आता खरा लंगडा आहे, मी लिहून देतो, टाच बघा!’ साहेब म्हणतात, ‘नातं?’ ‘मेहुणा.’ ‘मग नाही चालणार. नातेवाइकांची शिफारस आम्ही घेत नाही. तक्रार असेल तर घेतो.’ बरं, म्हटलं, निदान याची जागा रिकामी झाली ना, ती आमच्या इस्त्रीवाल्या बाईंना द्या. साहेब म्हणतात, ‘ती जागा? ती रद्द झाली. गरज नाही असं सिद्ध झालं ना!’ सांगा आता, माणसानं काय करायचं?

खणातला कागद फाडला. आणि दुसऱ्या आठवड्यात मेहुणा दारात. काठी नाही, पाठ ताठ, पाऊल सरळ, आणि कपाळावरून घाम गळतोय! ‘भावोजी, नोकरी लागतेय. मोठ्या दवाखान्यात, फाटकावर पहारेकरी. बसूनच काम आहे. पोरीची शेवटची फी भरता येईल. अट एकच, माणूस धडधाकट पाहिजे, साहेबांसमोर चालून दाखवायचं. उजव्या बुटात आतून काहीतरी बसवून द्या. बाहेरून दिसता कामा नये.’

म्हणजे बघा! पाय चांगला होता तेव्हा लंगडून दाखवत होता, आता लंगडा झालाय तर सरळ चालून दाखवणार. आणि याला सामील कोण? मी! काय करणार... बसलो. बूच तासलं, चामडं तासलं, आतून असं बसवलं, वरून असं शिवलं की कुणाच्या बापाला कळणार नाही. एकतीस वर्षांत इतकं सफाईदार काम माझ्या हातून झालं नव्हतं. इस्त्रीवाल्या बाईंनासुद्धा तसंच करून दिलं, त्यांनी मागितलं नव्हतं तरी.

लागली नोकरी. परवा पेढे... नाही, पेढे कुठले, नुसतं तोंड घेऊन आला. म्हटलं, ‘का रे? काढलं की काय?’ तर म्हणतो, ‘नाही हो. वरचे साहेब माझ्यावर फार खूश आहेत. म्हणाले, काय चाल आहे या माणसाची, याला फाटकावर बसवून कशाला ठेवलाय? मला बढती दिलीय.’ ‘अरे वा! कसली?’ ‘गस्तीवर घेतलंय. पाच मजले, जिन्यानं, दिवसभर.’

म्हटलं, ठेव ते बूट. आणि नवी टाच सुकेपर्यंत बस घटकाभर.