ठिबकचा पहिला उन्हाळा

(चोपड्याजवळचा केळीचा मळा. मोटार चालू आहे. हिलाल आणि त्यांची मुलगी मेघा.)

मेघा : आबा, सरका ना बाजूला! पाईपला केवढीशी चीर, अन् पाणी थेट डोळ्यांत येतंय तुमच्या.

हिलाल : येऊ दे, थंड लागस. मोकळा पाईपनं पानी पायजवळ पडस, बारीक भोकनं पार तोंडलोंग उडस. आनि हाई ठिबकनी तोटी दख. भोक तेवढंच, पन एकेक थेंब.

मेघा : असं का?

हिलाल : आतमा वाट नागमोडी शे. वळता वळता पानीना बठ्ठा जोर सरी जास. तुनी मायले पटेच ना.

मेघा : हसली असेल.

हिलाल : रडनी. पयला उन्हाळा व्हता. गावमा कोनकडे ठिबक नही. शेजारना लोटनभाऊ म्हने, थेंबवर केळ जगी का? आनि भर वैशाखमा क्षार साची गया, तोट्या बंद. पानं लोंबी गयात.

मेघा : मग?

हिलाल : मी म्हनं, उपटी फेकूत, परत पाट पाडूत. तुनी माय ओळमा बसनी. एकेक तोटी काढे, तोंड लाईसन फुके, परत बसाडे. बठ्ठा मळा तिनी फुकी काढा. व्हट फाटी गयात. तवय तू पोटमा व्हतीस.

मेघा : मला कधीच बोलली नाही हे.

हिलाल : संध्याकायले माले म्हने, "ऐका, थेंब थेंब पडस." मंग आम्ही दोन्ही तठेच बसी ऱ्हायनूत. ऐकत... आते तुनी माय कशी शे? फोनवर तं बरी शे म्हनस.

मेघा : तुम्हाला तसंच सांगते ती. डॉक्टरांनी छातीसाठी फुगे फुगवायला सांगितलेत. माझ्याकडे धुळ्याला आल्यापासून एकही फुगला नाही, आबा. अर्ध्यात दम लागतो. मग मला दिसू नये म्हणून उशीखाली सारते.

हिलाल : फुगा?

मेघा : हो. घड उतरले की येतो म्हणालात ना तुम्ही? रोज सकाळी विचारते, उतरले का म्हणून.

हिलाल : भूपेंद्रले फोन लाव.

मेघा : काकांच्या भूपेंद्रला? कशाला?

हिलाल : घड तो उतारी. तू गाडी काढ.

मेघा : आत्ता? अहो, दोन घास खाऊन तरी निघू.

हिलाल : तठे जेवसूत. तिनासंगे.