चेंडू आत होता!

...आणि वर नातवंडंच मला शिकवतात, "आजी, आपले टेनिसवाले हरले, सगळ्या जगाला माहितीये!" जग होतं का तिथे? मी होते! इलिसोस ओढ्याच्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत, हातात मिल्तियादिससाहेबांची ओली पांढरी पाटलोण घेऊन! मला अक्षर वाचता येत नाही हे खरं, पण डोळे काही फुटले नव्हते माझे. तुम्हाला सांगते, चेंडू आत होता!

त्या एप्रिलात देशोदेशीचे खेळ आमच्या अथेन्सात भरले होते. झ्यूसच्या मोडक्या देवळाचे ते उंच खांब, त्यांच्या पायाशी टेनिसची लाल जमीन, मग कमरेएवढी भिंत, आणि भिंतीखाली ओढ्यावर आम्ही परटिणी. बाबुन्याची पांढरी रानफुलं इतकी, की कपडे त्यांच्यावरच वाळत घालायचे, सगळ्या चमूच्या सदऱ्यांना तोच वास... वर चेंडूचा टप् टप् आवाज, खाली आमच्या धोपटण्यांचा धप् धप्. ऐकता ऐकता डोळे मिटायचे हो, आणि वाटायचं, आपण धूत नाही आहोत, कुणीतरी आपल्यालाच धुऊन उन्हात वाळत घातलंय...

काय सांगत होते? हां, स्तामातिस.

स्तामातिस म्हणजे मैदानावर रूळ फिरवणारा. खांदे असे, आणि तोंडात जीभ नाही! तीन महिने मी विचारतेय, "बाबांकडे मागणी घालायला येणार आहेस की नाही?" तर हा रूळाकडे बघतो, आभाळाकडे बघतो, एक पाकोळी गेली तर तिच्याकडे बघतो. आणि इकडे बाबांनी पिरेयस बंदरातला एक विधुर ठरवत आणलेला, मीठवाला, तीन पोरांचा बाप! रविवारी सुपारी फुटल्यासारखंच. माझी मैत्रीण गारुफालिया म्हणायची, "मारुसो, तुझा हा रूळवाला बोलेपर्यंत त्या मीठवाल्याचं चौथं पोर तुझ्या कडेवर असेल गं!"

शुक्रवारी सामना. आमची जोडी, मिल्तियादिससाहेब आणि जाडे फोकिओनसाहेब, समोर फ्रेंच. आदल्या दिवशी आमचे बाकीचे दोघे असे झोडपले गेले होते की त्यांचे सदरे धुवायलाच नकोत, घामच आला नव्हता! तर सगळी आशा ह्या दोघांवर. पंच कोण? बोहेमियाचा, म्हणजे चेक मुलखातला, एक लाल मिशीवाला. का? तर म्हणे तो ना आमचा, ना फ्रेंचांचा. आणि मागच्या रेषेवर लक्ष ठेवायला कुणी साहेब बसेना, सगळ्यांना बायकांच्या छत्र्यांजवळ बसायचं होतं, म्हणून बसवला स्तामातिसला. भिंतीला लागून. माझ्यापासून दोन हातांवर!

आणि काय खेळले हो आमचे! फोकिओनसाहेब जाडे, पण त्या दिवशी पिसासारखे तरंगत होते. शेवटी एका गुणावर आला सामना. बाबा बाहेर आपल्या घोडागाडीच्या टपावर चढून ओरडतायत, "मार पोरा, मार!" मिल्तियादिससाहेबांनी मारला. चेंडू वर गेला... खांबांच्याही वर, पाकोळ्यांमध्ये, तिथे तो थांबलाच जणू, सगळं अथेन्स माना वर करून गप्प, ओढासुद्धा गप्प...

आणि मला तेवढीच वेळ सापडली! म्हटलं, आत्ता कुणी बघत नाहीये. भिंतीवरून वाकले आणि कुजबुजले, "स्तामाती, रविवारी येणार की नाही?" तो वळला. माझ्याकडे बघत राहिला. चेंडू खाली आला, रेषेवर पडला, पांढरी भुकटी उडाली, माझ्या डोळ्यांदेखत! पंच वाकून, बोट आतल्या बाजूला दाखवून ह्याला काहीतरी विचारतोय, आणि हा, तीन महिन्यांचा मुका, माझ्या डोळ्यांत बघून काय म्हणतो?

"ने."

आता 'ने' म्हणजे हो, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. मी तर ओढ्यात बसलेच! पण वर बघते तो पंचाने हात बाहेर उडवलेला. बाहेर! तिथून आमच्यांचे हातपाय असे गळाले की फ्रेंच जिंकून मोकळे. लोकांनी स्तामातिसला लिंबाच्या साली मारल्या. "विकला गेलास रे!" आणि तुम्हाला सांगते, चेंडू आत होता!

तरी रविवारी आला बरं का. धुतलेला सदरा, कानात अजून लिंबाची बी. बाबा चाबूक मांडीवर ठेवून बसलेले. मी दाराआड कॉफीचं ताट धरून.

"एकच विचारतो," बाबा म्हणाले. "चेंडू आत होता की बाहेर?"

ह्याने चेंडू पाहिलाच कुठे होता! पंच म्हणाला तेच खरं धरून चाललेला बिचारा. "बाहेर होता, काका."

बाबांनी ह्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चाबूक खाली ठेवला. "सगळा गाव, सगळा देश एकीकडे, आणि हा एकटा खरं बोलला. मीठवाल्याला निरोप पाठवा. असा माणूस माझ्या पोरीशी खोटं बोलणार नाही."

झालं! सोमवारी बोहेमियाच्या खेळाडूंचे सदरे आले धुवायला. मी एकाला विचारलं, "खळ घालू?" म्हणाला, "ने." घातली. तो ओरडला, "ने, ने!" मी आणखी घातली. सदरा उभा राहिला हो आपला आपण! त्याने रडवेला होऊन हातांनी दाखवलं तेव्हा कुठे कळलं, त्यांच्यात 'ने' म्हणजे नाही!

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? गावभर ओरडून सांगितलं असतं तर आमच्या चमूचं नाव राहिलं असतं. पण मग बाबांना कळलं असतं की जावई सत्यवान नाही, नुसता माझ्याकडे बघत होता! देश एका तागडीत, मीठवाला दुसरीत... मी गप्प बसले. लग्न झालं. बावन्न वर्षं गप्प बसले. आता बाबा नाहीत, तोही नाही, म्हणून सांगते, चेंडू आत होता, आत, आत!

शिक्षा काय मिळाली विचारा. बाबांनी गाडीत बसेल त्याला हेच सांगितलं, आणि गावात ह्याचं नाव झालं ना, खरं बोलणारा स्तामातिस! भांडण झालं, बोलवा स्तामातिसला. कापड मोजायचंय, बोलवा स्तामातिसला. लोकांनी इतकं म्हटलं की ह्यालाही ते पटलं, आणि तो मुका माणूस खरंच खरं बोलायला लागला. घरीसुद्धा! बावन्न वर्षं रोज मसुरीची आमटी पुढे ठेवायची, विचारायचं, "कशी झालीय?"

आणि रोज ऐकायचं, "काल बरी होती."