डोक्यावर तीन मग

हॅलो?… हॅलो, भिंगरी का गं?… बोल बाळा, झाली का आठवण आजीची… कोण?

अच्छा. विहीणबाई, तुम्ही होय. नाही नाही, ओळखला की आवाज… या वेळेला तिचा फोन येतो ना, म्हणून मला वाटलं नातच बोलतेय. बोला. सगळं ठीक ना तिकडे?… बाळाची लस. हो, आज होती, माहीत आहे मला. सांगितलं होतं मुलानं. दोघंही गेलेत का घेऊन?… मग घरी तुम्ही आणि भिंगरीच.

हं. चांगलं आहे.

छे हो, कामात कसली. यांना औषध देऊन बसले होते. हाड सांधतंय हळूहळू. काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतात, मला चार कामं सांगतात आणि परत जातात.

व्हिडिओ? कवितेचा? हो, मिळाला. पाहिला की. एक-दोनदा पाहिला… अहो, तुम्ही मध्ये बोलू नका, अकरा वेळा नाही पाहिला मी… नाही, तुम्हाला नाही, यांना म्हटलं. छान म्हणते हो. अगदी हातवारे करून. मी होते तेव्हा आम्ही काही कविता-बिविता म्हणत नव्हतो. आम्ही आपल्या जेवायचो, खेळायचो आणि झोपायचो. तुम्ही पडलात मुख्याध्यापिका… निवृत्त झालात म्हणून काय झालं, हाताला वळण असतंच ना.

झोपते कशी आता? मी होते तेव्हा दहा दहा वाजायचे… नऊला?… एकटी?… तुमच्या कुशीत.

…

नाही, आहे मी. हॅलो. पाणी प्यायले जरा. बोला ना, फोन कसा केलात?

…काय? केस?… ऐकू येतंय, पण नीट सांगा. किती दिवस झाले डोक्यावरून अंघोळ घालून?… नऊ. नऊ दिवस, विहीणबाई?… आणि त्यात आज गोंद. कुठला गोंद?… हस्तकलेचा. तो कोणी दिला तिच्या हातात?… नाही, मी कुठे काय म्हणतेय. मी कधी हस्तकला करून घेतली नाही, त्यामुळे गोंद कुठे कुठे लागतो हे मला माहीत असण्याचं कारण नाही.

बाळासाठी मुकुट करत होती?… आणि आधी स्वतःच्या डोक्यावर बसवून पाहिला. मग बरोबर आहे. उद्या सकाळी वर्गाचा फोटो, हो, तेही मला माहीत आहे.

मग घाला की न्हाऊ. त्यात मला काय विचारायचं?… रडते? किती रडते?… खालच्या मजल्यावरची बाई वर आली विचारायला? अगं बाई.

हसले? मी? छे हो. खोकला आला.

काय काय करून पाहिलंत ते सांगा आधी… डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू… हं… पोहायचा चष्मा लावला… हं… ती डोळ्यांवर पाणी येऊ न देणारी कडेची टोपी… हं. गोष्ट सांगितलीत, चॉकलेट दाखवलंत. आणि?… आणि तुमच्या लेकीनं दरडावलं. मग तर बघायलाच नको.

नाही. माझ्याकडे नाही रडायची. एकदासुद्धा नाही. तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा… तिला काय विचारता, तुमच्या लेकीला नाही माहीत. माझ्या मुलालाही नाही. मी दार लावून घ्यायचे आतून. अर्ध्या तासानं पोरगी गोड हसत बाहेर.

जादू कसली त्यात. पाणी कोमट घ्यायचं… घेतलंत. पाण्याचा मग निळा घ्यायचा, लाल नको… निळाच आहे? मग उजव्या कानापासून सुरुवात करायची… नाही हो, चेष्टा कशाला करेन मी तुमची?

…करतेय. थोडी.

सांगणार आहे ना, सांगते. पण… हे बघा विहीणबाई, तुम्ही विचारलंत म्हणून बोलते, राग मानू नका. मला नाही सांगावंसं वाटत.

हो. बरोबर ऐकलंत. नाही सांगावंसं वाटत.

कारण… ऐका ना, मला बोलू द्या. मी बॅग घेऊन जिना उतरत होते आणि तुमची बॅग वर चढत होती, आठवतंय? यांचं कंबरेचं हाड मोडलं, मला यावंच लागलं. त्याला कोणाचा इलाज नाही. पण तीन महिन्यांत सगळं तुमचं झालं हो. भरवता तुम्ही, शाळेत सोडायला तुम्ही, कविता तुमची, कूस तुमची. परवा फोनवर मला म्हणाली, “आजी, थांब हं, आजी बोलावतेय.” आता सांगा, यातली मी कुठली? मी थांबले. पंधरा मिनिटं फोन कानाला लावून थांबले. ती विसरून गेली होती.

तेव्हा एवढं एक राहिलंय माझं. तिचे केस. मघाशी तुम्ही म्हणालात ना ती रडते म्हणून, तेव्हा मला बरं वाटलं. खोकला नव्हता तो. हसलेच होते मी. पोर रडतंय आणि सख्ख्या आजीला बरं वाटतंय, लाज वाटते सांगायला, पण वाटलं. जळतेय मी तुमच्यावर. तीन महिने नुसती जळतेय.

…

हॅलो?… आहात ना?… हॅलो, विहीणबाई, रागावलात का?… मग गप्प का?

तुम्ही?… माझ्यावर?… तुम्ही कशाला जळाल माझ्यावर, काहीतरीच.

…दुसऱ्या वाढदिवसाला? हो, आठवतो की. तुम्ही आल्या आल्या तिला घ्यायला हात पुढे केलेत… हो, माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली ती. नाही आली. नंतरही नाही आली, खरं आहे. आणि मग तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात आणि मी घासून पुसून ठेवलेली भांडी सगळीच्या सगळी पुन्हा घासलीत. ते मी विसरेन कशी?

…

तेव्हा रडत होतात?… नळ सोडून?… एवढा वेळ?

अहो, मला काय माहीत. मला वाटलं, माझं घासणं तुमच्या पसंतीला उतरलं नाही. अडीच वर्षं मनात धरून बसलेय मी ते. कुकरसुद्धा पुन्हा घासला होतात हो तुम्ही. झाकणासकट.

हं… हं… तो स्वेटर? तुम्ही विणलेला पिवळा? हो, तो घालायचीच नाही ती, टोचतो म्हणायची… मी काढून ठेवत नव्हते हो, शपथ. म्हणजे… एकदा ठेवला होता वरच्या कप्प्यात. एकदाच… दोनदा.

अहो, पण तेव्हाच बोलायचं होतंत… हो, तेही खरं. मी तरी कुठे बोलले म्हणा.

…

बरं, ऐका. पण आधीच सांगते, तुम्हाला जमायचं नाही… नाही, अक्कल लागत नाही त्याला, तुमच्याकडे ती भरपूर आहे, म्हणूनच जमायचं नाही. आधी तुम्ही भिजायचं.

तुम्ही. तुमचं डोकं. तिच्या आधी.

स्टुलावर बसायचं, अंगावरच्या कपड्यांनिशी. पाण्याचा मग द्यायचा तिच्या हातात. ती ओतणार तीन मग, तुमच्या डोक्यावर… हो. हेच करत होते मी. दोन दोनदा आठवड्याला. तुमची लेक म्हणायची, सासूबाई केस फार धुतात, म्हणूनच गळतात. म्हणू दे म्हटलं. या वयात नातीकडून अंगावर पाणी ओतून घेते आणि बोंब मारते, असं सुनेला कुठे सांगायचं.

म्हणून म्हटलं, तुमचं काम नाही. तुमचे ते पार्लरमधले केस, एक बट इकडची तिकडे नसते… कालच करून आणलेत? फोटोसाठी नाही ना?… मग राहू द्या की. एक दिवस रुमाल बांधून पाठवा तिला शाळेत, फोटोवाला काही… हॅलो?… पाण्याचा आवाज कसला?… अहो, आत्ताच्या आत्ता?… अहो, केसांचा विचार करा जरा. हॅलो?

बरं बाई, बरं. फोन स्पीकरवर टाका आणि साबणाच्या वरच्या फळीवर ठेवा. चष्मा काढून ठेवा. तुझे केस धुवायचे असं अजिबात म्हणू नका तिला, नुसता मग हातात द्या आणि बसा. आणि ओरडायचं… हो, मोठ्यानं. तेच तर मुख्य. तुम्ही ओरडला नाहीत तर तिला काय मजा? गार आहे, मेले, वाचवा, काय तोंडाला येईल ते. तीन झाले की आता तुझी पाळी असं म्हणायचं नाही. गप्प बसून राहायचं. ती आपण होऊन ढकलते आपल्याला स्टुलावरून. ढकललं की उठायचं.

पडला पहिला?… मग ओरडलात कुठे?… ते ओरडणं होतं? वर्गात हजेरी घेतल्यासारखं काय ओरडता हो. पोटातून येऊ द्या… येऊ दे खालची बाई वर, यायचं तर.

…

हां. हा बरा होता.

…

अगं बाई. काय आवाज आहे हो तुमचा.

…हसतेय. भिंगरी हसतेय.

काही नाही हो, तुम्ही पडून राहा. तिकडे न्हाणं चाललंय… नाही, मला कुठे काय झालंय. तोंडच असं आहे माझं.

हॅलो, ढकललं का?… बसली?… विहीणबाई, कानामागून घ्या पाणी. गोंद बोटांनी सोडवा, कंगवा घालू नका… हॅलो?… मान जरा मागे धरायला सांगा… हॅलो?… ऐकू जात नाहीये वाटतं.

रडत नाहीये. अजिबात नाही.

कविता म्हणतायत दोघी.

हॅलो?… जमलं ना, झालं तर मग. मी ठेवू का फोन?… विहीणबाई?… माझा आपला गॅसवर चहा आहे… ठेवते मी… ठेवते हं.

…

…

कोण?… मी गं. आजी… फोनमधली आजी, हो. तीच… झाले केस धुऊन?… रडलीस?… शहाणी माझी. आणि ती आजी ओरडली का?… खूप?… माझ्यापेक्षा मोठ्यानं?… अस्सं. आणि चांगलं कोण ओरडतं?

…बरं.

नाही, रागावले नाही… नाही गं… थोडीशी. थोडीशीच रागावले. ती नवीन आहे ना, तिला जोर जास्त असणार.

काय?… माझी पाळी?… अगं, पण मी लांब आहे ना, माझ्या घरी… फोनमध्ये आहे, ते खरं. दोघींना एकेकदा, हो, बरोबर आहे तुझं, पण… पाण्याचा मग भरलास पण? थांब, थांब, फोनवर नाही ओतायचं पाणी. ती आजी कुठे आहे?… दारात. केस पुसतेय. इकडे बघतेय का?… पाठमोरी आहे.

बरं, मला एक सांग. हा फोन कुणाचा आहे? बाबाचा?… आईचा?… त्या आजीचा.

…

मग ओत.

ओत गं, काही होत नाही. तीन हं, आपले नेहमीचे तीन… आई गं, गार आहे गं, गार आहे, मेले मी, वाचवा, अहो कुणीतरी वाचवा मला, ही पोरगी बुडवतेय मला… आणि दुसरा?… हॅलो?… भिंगरे?… हॅलो?

…

अहो, काठी टाकून कुठे धावताय असे? काही झालेलं नाही मला. भिंगरीनं न्हाऊ घातलं.

टॉवेल द्या तेवढा.